बुडालेल्यांच्या बाळ्या

सोमवार, ७ ऑक्टोबर १९०७. पोर्थकॅरो, कॉर्नवॉल

पोचले बाई एकदाची! आगगाडी संपते तिथून पुढे जगच संपतं, असं बर्मिंगहॅममध्ये सगळे म्हणत होते, ते काही अगदी खोटं नाही. स्टेशनापासून इथवर मासळीच्या गाडीतून आले, दोन रिकाम्या टोपल्यांच्या मधे, माझी पेटी मांडीवर घेऊन. गाडीवाल्याने वाटेत तीनदा विचारलं, पेटीत काय आहे म्हणून. मिनाकामाची रंगीत काच, असं सांगितल्यावर म्हणाला, एवढ्या लांबून काच कशाला आणलीत, आमच्या पोरांनी फोडलेली ढीगभर पडली आहे. हसून हसून माझी हॅट पडली.

कारखाना म्हणजे पूर्वीचं मासळी खारवायचं तळघर. मिस्टर ऑब्री नावाच्या लंडनच्या एका चित्रकार गृहस्थांनी ते विकत घेऊन तिथे ऐरणी मांडल्या आहेत. वादळाच्या दिवसांत होड्या निघत नाहीत, तेव्हा कोळ्यांनी रिकामं बसू नये, हाताने सुंदर वस्तू कराव्यात, असा त्यांचा विचार. वस्तू खरंच सुंदर आहेत, नाही म्हणणार नाही. चांदीच्या पदकांवर मासे, लाटा, शिडं, आणि कडेने सोन्याची बारीक तार. लंडनच्या बायका ती पदकं हौसेने घेतात. पण सगळ्या कामावर हातोडीचे घाव! आमच्याकडे एक घाव राहिला तर मालक आई-बाप काढतो, आणि इथे ते मुद्दाम ठेवतात. गुळगुळीत काम यंत्राचं, खडबडीत काम आत्म्याचं, असं मिस्टर ऑब्री मखमली कोटाच्या खिशात हात घालून म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. मी मान डोलावली. माझं काम ह्या लोकांना मिना शिकवण्याचं आहे.

उतरले आहे लव्हडे मावशींकडे. विधवा आहेत, साठीच्या. इथे वडीलधाऱ्या बाईला सगळेच मावशी म्हणतात, तर मीही म्हणायला लागले. आल्या आल्या त्यांनी केशर घातलेला पाव आणि चहा पुढे ठेवला, आणि एवढी सुकलेली पोरगी बर्मिंगहॅमचा धूर खाऊन जगत होती का, असं विचारलं.

पगार तिकडच्यापेक्षा कमी, तरी आले. का, ते ह्या वहीत एकदाच लिहून ठेवते. माझा धाकटा भाऊ एनॉक. बटणांच्या कारखान्यात त्याचा जीव रमेना, म्हणून खलाशी झाला. एकोणीसशे पाचच्या फेब्रुवारीत त्याचं जहाज इथल्याच खडकांवर फुटलं. एकही देह हाती लागला नाही, असं पत्र आलं. आई गेली ती ‘त्याला कुठं ठेवलंय ते बघ गं’ म्हणत गेली. खलाशाच्या कानात सोन्याची बाळी असते ती मिरवायला नव्हे. परक्या किनाऱ्याला देह लागला, तर ज्याला सापडेल त्याने ती विकून त्याला माती द्यायची, हा समुद्रावरचा जुना करार आहे. एनॉकची बाळी मी स्वतः घडवली होती. आतल्या बाजूला, कातडीला लागेल तिथे, मोहरीएवढा निळा मिना ठेवला होता. कुठल्या तरी भल्या माणसाने त्या बाळीवर त्याला पुरलं असेल, नाव माहीत नसल्यामुळे कळवलं नसेल. ते थडगं मी शोधणार आहे, आणि त्याच्यावर त्याचं नाव घालणार आहे.

गुरुवार, १० ऑक्टोबर

माणसं चांगली आहेत. हात राठ, पण नजर पक्की. सगळ्यांत तरबेज मॅथी काका, पासष्ट वर्षांचे, दाढी चांदीच्या तारेसारखी. त्यांच्या हातोडीखाली चांदी लोण्यासारखी वळते. तोंडही तसंच चालतं. मी भट्टीपाशी वाकले की म्हणतात, “ए बर्मिंगहॅमवाली, जपून गं, तुझ्या नाकावरच मिना चढेल.” मी म्हटलं, चढला तर चढला, तुमच्या दाढीपेक्षा बरा दिसेल. सगळे खो खो हसले.

आज पहिल्यांदा इथलं सोनं वितळवलं. मिस्टर ऑब्री गिऱ्हाइकांना सांगतात की हे कॉर्नवॉलच्या ओढ्यांतलं सोनं आहे. ते आणतात मॅथी काका, फडक्यात बांधून. मातीच्या चिलमीत घरीच वितळवलेले सहा खडे होते, वाटाण्याएवढे. मी एकेक कसाला लावून पाहिला. तीन अठरा कॅरटचे, दोन बावीसचे, एक अगदी हिणकस, नऊचा. ओढ्याने सोनं द्यायचं तर एकाच कसाचं देईल ना? शिवाय एका खड्यात जोड दिल्याची चांदी दिसत होती. मी विचारलं, काका, तुमच्या ओढ्याला सोनाराचा टाका कधीपासून लागतो? त्यावर ते म्हणाले, म्हाताऱ्या बायका मोडीत घालतात ते सोनं, साहेबांना ओढा आवडतो तर आवडू दे, आपलं काय जातं. बरोबरच आहे. नदीचं मूळ विचारू नये म्हणतात, तसं सोन्याचंही असावं. सहाही खडे एका मुशीत घालून लगड पाडली, तार ओढली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

चर्चमध्ये जाऊन आले. पाद्रीबुवा सज्जन आहेत. दफनाची वही काढून दोघांनी मिळून पाहिली. गेल्या दहा वर्षांत समुद्रातून आलेला एकही माणूस इथे पुरलेला नाही. त्यांनाही नवल वाटलं. ते म्हणाले, एवढी जहाजं फुटतात, पण आमच्या किनाऱ्याला कुणी लागतच नाही, प्रवाह तसा असेल. घरी येऊन मावशींना सांगितलं, तर त्या बटाट्यांची सुरी खाली ठेवून म्हणाल्या, समुद्राचं समुद्राला, पोरी, नको शोधूस.

मला खूप राग आला. ज्याचं जळतं त्याला कळतं.

कामाचंही आज काही धड नाही. मिना, म्हणजे पाण्यात कालवलेली काचेची पूड, खडखडीत वाळल्याशिवाय भट्टीत घालायचा नसतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ओला राहिला तर तो तडतडून उडतो. मी स्वतः तीन पदकं भट्टीच्या कडेला दोन तास वाळवली. आत घातली, आणि तिन्ही तडतडली. काढून पाहते तर सोन्याच्या तारेच्या खालून पाणी पाझरत होतं. जीभ लावून पाहिली. खारट.

शनिवार, १९ ऑक्टोबर

आठवडाभर तेच. नुसत्या चांदीवर मिना छान बसतो. मॅथी काकांचं सोनं लावलं की पाणी सुटतं. रात्री कोरड्या कपाटात ठेवलेली पदकं सकाळी थेंब थेंब गळत असतात. घासकामाच्या बायका ती हातात धरायला नको म्हणतात. मिस्टर ऑब्रींचं म्हणणं, समुद्राकाठची हवा.

आज दुपारी घरी जेवत होते. बाहेर धुकं होतं, भरती पुरी चढली होती. समुद्राकडून हाक आली. पुरुषाचा आवाज, अगदी स्पष्ट: “यान केरव्हेल!” मग जरा डावीकडून दुसरा: “ओले लुंडगार्ड!” मग “टॉमस प्रिचर्ड!” कुणी कुणाला शोधत असेल म्हणून मी खिडकीशी गेले. मावशींनी धावत येऊन खिडकी लावली, इतक्या जोरात की काच हलली. वर कडी घातली. म्हणाल्या, ते कुणाला शोधत नाहीत. बुडालेला माणूस स्वतःचंच नाव हाकारतो, ज्याला माती मिळाली नाही तो. ओ द्यायची नाही.

मी ओ दिली नाही. पण भरती ओसरेपर्यंत दाराशी बसून राहिले. एनॉकचं नाव आलं नाही. म्हणजे त्याला माती मिळाली असेल! कुठेतरी, कुणीतरी. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

सगळं नीट लिहून ठेवते.

लंडनच्या प्रदर्शनासाठी मिस्टर ऑब्रींनी घाईने सोनं मागितलं. मॅथीची चिलीम फुटलेली, नवी मिळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. त्याने फडकं तसंच माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाला, चेपलेलं आहे, बघू नकोस, सरळ मुशीत घाल. आत चार बाळ्या होत्या, पक्कडीने चेपून चपट्या केलेल्या. मी एक उचलून सरळ केली. आतल्या बाजूला मोहरीएवढा निळा मिना.

आई आपलं लेकरू ओळखते तसं कारागीर आपलं काम ओळखतो. माझ्या एनॉकची बाळी.

मी ओरडले नाही. चारही बाळ्या रुमालात बांधल्या आणि मॅथीला सांगितलं की उद्या वितळवते. तो शीळ घालत गेला. मग आठवलं, त्या सहा खड्यांतला एकेक खडा म्हणजे एकेका माणसाची बाळी. सहा जणांची माती मी माझ्या हाताने एका मुशीत घातली. मला माहीत नव्हतं, देवा. पण घातली मीच.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

मावशींच्या पुढे बाळी ठेवली. त्या खुर्चीत बसल्या आणि सगळं बोलल्या. प्रवाह वगैरे काही नाही. देह ह्याच किनाऱ्याला येतात. मॅथीला होडीवरून सगळ्यांत आधी दिसतात. वर्दी दिली तर पोलीस येणार, कोर्ट बसणार, फाटलेले कान दिसणार. म्हणून बाळी ओरबाडायची आणि देह कड्याखालच्या घळीत दगडांनी दाबायचा. सोनं बरणीत साठवायचं, थोडं थोडं बाहेर काढायचं. मावशींचा नवरा त्याच्याबरोबर असायचा. मरताना सगळं सांगून गेला. चार वर्षं हे त्या पोटात घेऊन आहेत.

ओहोटीला त्यांनी मला तिथे नेलं. बूट दिसले. हाडं. कोणता एनॉक, ते कळेना. मी सगळ्यांनाच हात जोडले.

परत येताना मावशी माझा दंड धरून म्हणाल्या, “पोरी, आजच्या आज ही बाळी पाद्रीबुवांकडे दे. ती ह्याच्यासाठीच होती. घळ दाखव, मी साक्ष देते. बाळीवर त्याला माती मिळेल, तो झोपेल, मग तू घरी जा.”

खरं आहे त्यांचं. पण मग मॅथीचं काय? कोर्ट त्याला वर्षभर आत टाकेल, किंवा म्हातारा म्हणून सोडूनही देईल. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा हा माणूस बाहेर येऊन पुन्हा शीळ घालणार. नाही. एनॉक अडीच वर्षं थांबला आहे, आठ दिवस आणखी थांबेल. माती नंतर. आधी मॅथी.

सोमवार, २८ ऑक्टोबर

पदकांतल्या पाण्यावरून मला एक कळलं आहे. जिथे त्यांचं सोनं जातं, तिथे ते येतात. तर मग सोनं मॅथीच्या अंगावर गेलं पाहिजे.

मॅथी कानात बाळी घालत नाही. साऱ्या गावात तो एकटाच. का घालत नाही ते आता समजलं. पण फुशारकी त्याच्या नसानसांत आहे. मी मिस्टर ऑब्रींच्या कानात घातलं की प्रदर्शनाच्या पत्रिकेवर मॅथीचा फोटो छापावा, ऐरणीपाशी उभा, हातात हातोडी, कानात सोन्याची बाळी. साहेब टाळ्या पिटायला लागले. मॅथी आधी नको नको म्हणाला. लंडनच्या बायका त्याचा फोटो बघणार, हे ऐकल्यावर दाढी कुरवाळायला लागला. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, सोनं कुठलं? मी म्हटलं, बर्मिंगहॅमचं, माझ्या पेटीतलं, शिक्का मारलेलं.

आज बाळी केली. चारही बाळ्या, एनॉकचीही, आणि सहा खड्यांच्या लगडीतलं उरलेलं सोनं, सगळं एका मुशीत. निळा ठिपका आधी काढला नाही. तो मुशीत वर आला, एक क्षण तरंगला, आणि फुटला. मला रडू आलं नाही. आयुष्यात इतकं सुबक काम केलं नाही मी. एकही घाव दिसत नाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

मॅथीचा कान मीच टोचला. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात ना! तो हसत होता, म्हणाला, “बाय माझे, तुझा हात अगदी हलका आहे.” बाळी घातली. फोटो काढला. दिवसभर गावात मिरवत होता.

बुधवार, ३० ऑक्टोबर

भरतीच्या वेळी हाका. ह्या वेळी पाण्यावरून नाही, धक्क्यावरून. स्वच्छ ऊन होतं, धक्क्यावर कुणीही नव्हतं. मॅथीने हातोडी खाली ठेवली आणि बाळी काढायला लागला. निघेना. माझ्याकडे आला, काढून दे म्हणाला. मी म्हटलं, टोचलेला कान भरू दे, आठ दिवस हात लावू नका. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्याला समजलं असावं. समजू दे.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

मॅथी गेला.

दुपारची सुट्टी होती, सगळे भिंतीवर उन्हात बसून खात होते. तो आत एकटाच होता. आम्ही परत आलो तेव्हा ऐरणीवर पालथा पडला होता. उताणा केला तर तोंडातून पाणी, नाकातून पाणी, किती तरी, थांबेचना. फरशीवर समुद्राचं गवत. कानाची पाळी फाटून दोन झालेली, बाळी नाही. डॉक्टरने झटका आला असं लिहिलं. कोरड्या खोलीत बुडाला असं कसं लिहिणार?

मला वाईट वाटलं नाही. इथे खोटं लिहिणार नाही. मला गोड वाटलं. एनॉक, तुझा हिशेब चुकता केला रे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

मावशींना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील बरं झालं. त्यांनी आधी एवढंच विचारलं, एनॉकची बाळी कुठे आहे? मी म्हटलं, तीच तर घातली, सगळ्यांच्या बाळ्यांसकट. त्या खुर्चीतून उठल्या.

“ते त्याच्या मातीचं मोल होतं गं. तू त्याचं थडगंच वितळवलंस, पोरी.”

दुपारी भरती आली. हाका आल्या. केरव्हेल, लुंडगार्ड, प्रिचर्ड, बाकीचे. आणि सगळ्यांच्या शेवटी—

“एनॉक बिसेल!”

त्याचाच आवाज. आजवर एकदाही आला नव्हता. बाळी शाबूत होती तोवर आला नव्हता.

रविवार, ३ नोव्हेंबर

मिस्टर ऑब्री परवाच सोन्याचा सगळा माल घेऊन लंडनला निघाले होते. आज तार आली. डब्यात एकटेच होते, खिडक्या बंद. उतरवून घ्यायला गेले तर मेलेले. डब्यात घोट्यापर्यंत पाणी. मालाची पेटी रिकामी.

सकाळी दार उघडलं. उंबऱ्यावर ढीग. पदकं, साखळ्या, पेटीतला सगळा माल, ओला. वर मॅथीची बाळी.

परत आणून दिलं आहे त्यांनी. मला.

का, ते मला कळलं. एका बाळीत दहा जणांचं सोनं. कुणाचं कोणतं, ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांना आपापलं वेगळं करून हवं आहे.

वितळलेलं सोनं वेगळं होत नाही. बारा वर्षं हे काम करते आहे मी. हे मला सुचलं कसं नाही?

सोमवार, ४ नोव्हेंबर

ढीग एप्रनमध्ये घेऊन पाद्रीबुवांकडे गेले. म्हटलं, हे घ्या, दहा जणांना माती द्या, सगळ्यांना मिळून. ते घाबरले. हा मिस्टर ऑब्रींचा माल म्हणाले, तुमच्याकडे कसा? शहरातून शिपाई येईपर्यंत गाव सोडू नका म्हणाले. तरी भले माणूस, माझ्याबरोबर घळीपर्यंत आले. मावशीही आल्या.

दगड बाजूला सारलेले. आतून.

आत कुणी नाही. हाड नाही, बूट नाही. पुरायला कुणी उरलंच नाही. ओल्या वाळूत पावलं, सगळी गावाकडे.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

काट्यावर तोलून दहा तुकडे केले, अगदी सारखे. दहा दगडांवर दहा ठेवले. ज्याला जो हवा तो घ्या, म्हणून ओरडले. भरती आली, गेली.

दहाही उंबऱ्यावर परत.

पाण्याने अंगण ओलं. भरती इथवर कधीच येत नाही.

मावशी बहिणीकडे निघाल्या. चल म्हणाल्या. मी नाही म्हटलं. गेले तर माझ्यामागे तिथेही येतील, मग मावशीही— जाताना त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. रडल्या. मीही.

बुधवार, ६ नोव्हेंबर. दुपार

ऊन आहे. लख्ख. भरती चढते आहे.

केरव्हेल, फाटकाशी. लुंडगार्ड. प्रिचर्ड, खिडकीखाली. बाकीची नावं एकमेकांत— नीट ऐकू येत नाहीत—

दाराखालून पाणी. थंड.

तुकडे मुठीत घट्ट धरले आहेत. कुणाला कोणता—

“एनॉक बिसेल.”

दारातच. हाक नाही. नुसतं नाव, हळू.

तो मला काही करणार नाही. माझा भाऊ आहे. त्याला सांगेन, तुझ्यासाठीच केलं रे सगळं, तुझ्याच— तो ऐकेल. लहानपणापासून माझं ऐकतो.

कडी काढली.

तोच आहे. उजवा कान फाटलेला. मी त्याला नावाने हाक मारली. दोनदा. तो माझ्या तोंडाकडे बघत नाही. माझ्या हातांकडे बघतो आहे. एनॉक, अरे वर बघ, मी हेस्टर, तुझी—